जिची मेल तिला

कुंदाताई सबनीस मला आधी मेलमधून भेटली. प्रत्यक्ष भेट झाली ती पुढे वर्षभराने.

२००१ साल होतं. माझी गार्गी तीन वर्षांची होती आणि एका डॉक्टरांनी 'ऑटिझम' हा शब्द कागदावर लिहून माझ्या हातात ठेवला होता. तोवर मी तो ऐकलाही नव्हता. घरी घाटकोपरला सासूबाई म्हणायच्या, "राधा, काही मुलं उशिरा बोलतात. हिचा बापही उशिराच बोलला." मी तेव्हा फोर्टात एका विमा कंपनीत नोकरीला होते. ऑफिसात इंटरनेट नुकतंच आलं होतं. ओळखीतल्या एका बाईंनी मला पत्ता दिला आणि म्हणाल्या, "मुलुंडला एक बाई आहेत. त्यांना मेल कर. त्या उत्तर देतात."

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच बाजूला ठेवून मी लिहायला बसले. भाषा मराठी आणि अक्षरं इंग्रजी, कारण मराठी टाइप करायची सोय तेव्हा कुठे होती! बरंच काहीबाही लिहिलं आणि शेवटी विचारलं, माझ्या मुलीला मी कोण आहे हे तरी कळतं का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "कळतं. ती घाबरली की कुणाकडे धावते ते बघा आणि मला लिहा."

मी बघितलं. कुकरची शिट्टी झाली की ती माझ्याकडे धावत होती.

अशा आम्ही पुष्कळ जणी होतो. अंधेरीच्या, बोरिवलीच्या, डोंबिवलीच्या, पुढे पुढे तर नाशिकच्या आणि सावंतवाडीच्यासुद्धा. सगळ्यांच्या मेल कुंदाताईकडे यायच्या. ती त्या वाचायची, उत्तर द्यायची आणि एकीचा प्रश्न दुसऱ्या चारचौघींना पाठवायची. कुणी म्हणालं की माझं नाव नको, तर नाव गाळून. सुरुवातीला आम्ही ह्याला 'आईमेल' असं नाव दिलं होतं. कुंदाताईच्या नवऱ्याने, अण्णांनी, ते ऐकलं आणि म्हणाले, "अगं, फोनवर 'आई मेली' असं ऐकू येतं. बदला ते." मग नुसतं 'आपल्यात' म्हणायला लागलो. आपल्यात विचार, आपल्यात टाक.

कुंदाताई मूळची ट्रेसर. भांडुपच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायची. पुढे तेच काम कॉम्प्युटरवर आलं तेव्हा कारखान्याने तिला शिकवून घेतलं. तिचा मुलगा केयूर, त्यालाही ऑटिझम, बारा वर्षांचा झाला आणि शाळेने सांगितलं की आता आम्हाला जमणार नाही. तिने नोकरी सोडली. घरात बसून वेड लागेल म्हणून तिने कॉम्प्युटर घेतला आणि अण्णा टेलिफोन खात्यात असल्यामुळे फोनची लाइन होतीच. तिला स्वतःला केयूरच्या वेळी विचारायला कुणी नव्हतं. हे ती एकदाच बोलली, पुन्हा कधी नाही.

मग सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन आले. आम्ही व्हॉट्सॅपवर गेलो आणि मेल आपोआप बंद पडल्या. मुलुंडच्या घरात खिडकीशी असलेला तो जुना कॉम्प्युटर कापड पांघरून तसाच बसून राहिला.

दोन वर्षांपूर्वी ग्रुपवर बोरिवलीच्या एका नव्या आईने विचारलं. तिची मुलगी अकरा वर्षांची होती. थोड्याच दिवसांत पाळी येईल. अंगाला नवीन कपड्याचं लेबल टोचलं तरी जी पोरगी घर डोक्यावर घेते, तिला हे कसं समजवायचं?

मला एकदम आठवलं. ह्यावर मालनने लिहिलं होतं. मालन तावडे कांजूरमार्गला राहते, मूळची मालवणकडची. तिची श्रुतिका आमच्या गार्गीपेक्षा मोठी, म्हणून तिने हे सगळं आमच्या आधी निभावलं होतं आणि अगदी बारीकसारीक लिहिलं होतं. गार्गीच्या वेळी मी त्याच मेलवर निभावून नेलं. मी मालनला फोन लावला.

"माका आता याद नाय गो," ती म्हणाली. "इतकी वर्सा झाली. कुंदाताईक इचार. तिच्याकडे आसतला."

कुंदाताईने कापड काढलं, कॉम्प्युटर चालू केला. सुरू व्हायला त्याने बराच वेळ घेतला, पण झाला. मालनची मेल सापडली. पाळी येण्याच्या कितीतरी महिने आधीपासून दर रविवारी थोडा वेळ श्रुतिकाला नुसतं पॅड लावून ठेवायचं, म्हणजे अंगाला त्याची सवय होते. कपाटातला एकच कप्पा ठरवायचा आणि तो कधी बदलायचा नाही. रंगीत पाणी टाकून दाखवायचं. कुंदाताईने पडद्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, आणि दुसरी मेल उघडेपर्यंत कॉम्प्युटर फट्‌दिशी बंद पडला.

तिचा मला फोन आला. "राधा, ह्यात सगळ्यांचं सगळं आहे आणि हा चाललाय. दुसरीकडे कुठेही काही नाहीये."

हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. मला वाटलं, मेल म्हणजे कुठेतरी आकाशात असतात, पासवर्ड टाकला की दिसतात. तिने समजावलं. त्या काळी पोस्टातून पत्र घरी आणावं तसं होतं. मेल एकदा आपल्या कॉम्प्युटरवर उतरली की तिकडे शिल्लक राहायची नाही. आणि ती ज्या प्रोग्राममध्ये उतरायची, तो आउटलुक एक्सप्रेस, तो कधीचाच बंद झालेला. नव्या कॉम्प्युटरवर तो मिळत नाही आणि त्याच्या फायली नवे प्रोग्राम उघडत नाहीत.

मुलुंडच्या बाजारात प्रीतमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं हेच करतोय. तो म्हणाला, "काकू, उचलून दुकानात आणा, बघतो." पण तेच तर होणार नव्हतं. केयूर आता अडतीस वर्षांचा आहे. घरातली वस्तू हललेली त्याला चालत नाही. पंख्याखालची खुर्ची वीतभर सरकली तरी तो ती परत जागेवर ठेवतो. प्रीतम बिचारा घरी आला. त्याने वायर काढून मॉनिटर उचलला मात्र, केयूर किंचाळत पुढे आला आणि स्वतःचं मनगट चावायला लागला. अण्णांनी त्याला धरलं. प्रीतमने मॉनिटर होता तिथेच ठेवला, हात वर केले आणि म्हणाला, "नाही हलवत रे दादा. हे बघ, ठेवला."

मग त्याने तिथेच जमिनीवर बसून कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. केयूर शेजारी उभा राहून बघत होता. आतून धुळीची गादीच निघाली. नवा पंखा बसवला. सगळ्या फायली एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या आणि सांगितलं, "डिस्क म्हातारी झालीय काकू. आता ही कॉपी आहे म्हणून निदान झोप लागेल. पण ह्या फायली उघडायच्या कशा, ते मला माहीत नाही. नेटवर साइट आहेत. फाइल चढवायची, ते बदलून देतात."

"म्हणजे आपली मेल आधी त्यांच्याकडे जाणार?"

"हो, म्हणजे... जाणारच ना."

"मग नको."

प्रीतमने खांदे उडवले. "मग अवघड आहे."

"अवघड चालेल," कुंदाताई म्हणाली.

तिने वाचायला सुरुवात केली. लोकांनी कुठे कुठे लिहून ठेवलेले सल्ले, वाद, अर्धवट उत्तरं. सगळं इंग्रजीत, आणि प्रत्येक जण म्हणणार की अमुक बटण दाबा, सोपं आहे. ती दाबायची आणि ते नसायचंच. सकाळी केयूरची अंघोळ-नाश्ता झाला की ती बसायची ती जेवणाच्या वेळेपर्यंत. अण्णांनी भाजी आणणं, निवडणं आणि केयूरला चक्कर मारून आणणं आपल्याकडे घेतलं. मी सुट्टीच्या दिवशी जायचे तर ती म्हणायची, "बस. बोलू नकोस."

शेवटी तिला वाट सापडली. जुन्याच कॉम्प्युटरवर मेलचा दुसरा एक फुकट मिळणारा प्रोग्राम टाकायचा, पण तोही जुना, त्या कॉम्प्युटरला झेपेल असा. तो शेजारच्या आउटलुक एक्सप्रेसमधून मेल स्वतःकडे ओढून घेतो आणि साध्या फायलींत ठेवतो. त्या फायली मग नवा लॅपटॉप वाचू शकतो. ती जुनी आवृत्ती प्रीतमने कुठूनतरी पैदा केली. देताना म्हणाला, "काकू, हे मला सुचलं नसतं."

पहिला कप्पा उघडला तेव्हा मी तिथे होते. कुंदाताईने वर्षावर्षांचे कप्पे करून ठेवले होते. १९९९ चा कप्पा छोटा होता. तो जुन्या कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हवर आणि तिथून लॅपटॉपवर आला, आणि पडद्यावर एकाखाली एक नावं उमटली. कुंदाताईने चष्मा काढून पदराने पुसला. "आलं गं," एवढंच म्हणाली. अण्णा आतून ओरडले, "काय आलं?" तर ही म्हणाली, "नव्व्याण्णव आलं!"

तिथून पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. काही जणींनी पुढच्या वर्षांत जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलं होतं. लॅपटॉपवर त्या मेलची नुसती खिचडी दिसायला लागली, टिंबं, चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं. मला वाटलं, वाट लागली. कुंदाताई म्हणाली, "अक्षरं आहेत तिथे. त्यांचा चेहरा नाहीये." जुन्या कॉम्प्युटरमधून ते फॉन्ट काढून तिने लॅपटॉपवर बसवले आणि खिचडीचं मराठी झालं.

मग २००४ चा कप्पा अडला. त्या वर्षी आम्ही सगळ्यात जास्त लिहिलं होतं आणि मुलांचे फोटोही जोडायला लागलो होतो. अर्ध्यावर जाऊन प्रोग्राम नुसता थांबायचा. परत लावला, परत थांबला. चार-पाच दिवस हेच चाललं. मी म्हटलं, "जाऊ दे ना कुंदाताई, एक वर्ष गेलं तर गेलं. बाकीचं आलंय की."

ती माझ्याकडे वळली. "गार्गी पहिल्यांदा बोलली ते कुठल्या साली?"

मी खुर्ची तिच्या शेजारी ओढली. २००४ सालीच.

तिने त्या कप्प्याचे तुकडे केले. जुन्या प्रोग्राममध्येच जानेवारी, फेब्रुवारी असे छोटे कप्पे करून एकेका महिन्याच्या मेल त्यात सरकवल्या आणि एकेक महिना बाहेर काढला. ऑगस्टमध्ये एक मेल अशी निघाली की तिला हात लावला की सगळं थांबायचं. तिला वगळल्यावर बाकीचं वर्ष बाहेर आलं. ती एक मेल मात्र नाही आली. कुणाची होती तेही दिसत नव्हतं. कुंदाताईला त्याचं अजून वाईट वाटतं.

एवढं झाल्यावर दुसऱ्या कुणी टाळ्या वाजवून काम संपवलं असतं. ती ट्रेसर. जुना पडदा आणि नवा पडदा शेजारी शेजारी ठेवून तिने महिन्यामागून महिना ताडून बघितला. मेल आली तर फोटो आला का, फोटो आला तर उघडतो का. मला म्हणाली, "मूळ ड्रॉइंगवर ट्रेसिंग ठेवलं की रेघेवर रेघ पडली पाहिजे. यंत्र बनवणारा माणूस माझ्या रेघेवर भरवसा ठेवून लोखंड कापतो." तिच्या त्या कामाबद्दल इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी ती सांगत राहिली आणि मी ऐकत राहिले. कारखान्यातून तिचं एकही ड्रॉइंग चूक निघून कधी परत आलं नव्हतं, हे सांगताना तिची मान ताठ झाली होती.

आता खरा वाद सुरू झाला.

आमच्यातली मधुवंती बोरिवलीला अशा मुलांची शाळा चालवते. हुशार बाई आणि धडाडीची. सगळ्या मेल निघाल्या हे कळल्यावर ती मुलुंडला आली तीच वेबसाइटचा बेत घेऊन. "कुंदाताई, हा खजिना आहे. सगळं नेटवर टाकू या. मराठीत असं कुठे काहीच नाहीये. गावोगावच्या आया वाचतील."

"सगळं नाही टाकता येणार," कुंदाताई म्हणाली.

"का? नावं काढून टाकू की."

"नावं काढली तरी ज्याचं त्याला ओळखू येतं. सासूचं लिहिलंय, नवऱ्याचं लिहिलंय. सासू गेली असेल, नवरा आहे ना अजून घरात."

"अगं, वीस वर्षांपूर्वीचं आहे ते. आता कोणाला काय पडलंय?"

कुंदाताई म्हणाली, "एका आईने लिहिलंय की आज मुलाला घेऊन ठाण्याच्या खाडीच्या पुलावर गेले होते आणि परत आले. तिने ते मला लिहिलं, मधुवंती. नेटला नाही लिहिलं. मी तिला रोज सकाळी फोन करत होते, कितीतरी दिवस. ती आज मजेत आहे, मुलगाही मजेत आहे. हे मी तिला न विचारता कुठे टाकू?"

"मग काय करणार तू? एवढं सगळं काढलंस ते पेटीत ठेवायला?"

"नाही. जिची मेल तिला देणार. तिच्या मेल आणि त्यांना गेलेली माझी उत्तरं. तिने वाचावं आणि सांगावं, कुठलं लोकांना दाखवायचं आणि कुठलं नाही. मगच तुझी वेबसाइट."

"त्यात वर्ष जाईल!"

"जाऊ दे."

मधुवंती चिडून गेली. जिना उतरतानाही तिचं बोलणं ऐकू येत होतं. मला त्या वेळी तिचंच पटत होतं, खरं सांगते. इतक्या बायका, कोण कुठे गेली, नंबर बदललेले. शोधणार कसं?

पण कुंदाताईने नावांप्रमाणे मेल वेगळ्या करायला घेतल्या. नव्या प्रोग्राममध्ये नाव टाकलं की त्या बाईची सगळी मेल एका जागी यायची, हे काम भराभर झालं. पहिल्या काही जणींच्या मेल तिने पेन ड्राइव्हवर घालून पोचत्या केल्या. त्यांत मधुवंतीही होती.

आठवड्याभराने मधुवंतीचा फोन आला. कुंदाताईने स्पीकरवर टाकला, कारण ती तांदूळ धूत होती. मधुवंतीचा आवाज नेहमीचा नव्हता.

"कुंदाताई, मी वाचल्या."

"बरं."

"मी... असं लिहिलं होतं मी? माझ्याच मुलाबद्दल?"

"थकली होतीस गं तेव्हा."

"त्यातल्या पहिल्या वर्षाच्या कुठेही टाकू नकोस हं."

"नाही टाकत."

मग मधुवंती म्हणाली, "किती जणींचे पत्ते मिळायचेत? अर्ध्या मला दे. माझ्या शाळेतून बऱ्याच जणींचा माग लागेल." आणि तिने खरंच लावला. धडाडीची बाई ती. अंधेरीची एक कॅनडात सापडली. एकीला शोधायला ती स्वतः आरे कॉलनीतल्या पाड्यावर जाऊन आली, कारण त्या बाईकडे फोनच नव्हता. तिची मेल तेव्हा तिच्या मुलाच्या शाळेतल्या बाई लिहायच्या. मधुवंतीने तिथे ओसरीवर बसून तिला सगळ्या वाचून दाखवल्या आणि कुठल्या ठेवायच्या, कुठल्या नाही, ते विचारून घेतलं.

दोघी जणी ह्या जगात नव्हत्या. एकीच्या बहिणीने मेल घेतल्या. दुसरीचं कुणीच मिळालं नाही. तिचा मुलगा एका संस्थेत असतो, त्याला वाचता येत नाही. त्या मेल कुंदाताईकडे आहेत. वेगळ्या काढून ठेवल्यावर त्या तिने पुन्हा उघडलेल्या नाहीत आणि पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी आम्ही मुलुंडला सोसायटीच्या हॉलमध्ये जमलो. ज्यांच्या मेल पोचवायच्या राहिल्या होत्या त्या आल्या, ज्यांना मिळाल्या होत्या त्याही आल्या. मुलं आली होती. मुलं म्हणजे पंचवीस-तीस वर्षांचे बाप्ये आणि बाया. स्पीकर लावला नव्हता, पंखे हळू ठेवले होते, एका कोपऱ्यात पडदा लावून शांत जागा केली होती. हे सगळं आमच्याकडे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. केयूरने अण्णांच्या मदतीने खुर्च्या मांडल्या होत्या. इतक्या सरळ ओळी मी कुठल्या लग्नातही बघितल्या नाहीत.

मालन आली ती नवऱ्याला आणि श्रुतिकाला घेऊन. लवू तावडे आधी गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केली. श्रुतिका आता एका वर्कशॉपमध्ये मसाल्याची पाकिटं भरते आणि रोज सकाळी बापाबरोबर बसने जाते. कुंदाताईने मालनच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला तेव्हा मालन हसली. "ताई, ह्या घालू खंय? आमच्याकडे कॉम्प्युटर खंय आसा?"

कुंदाताईला ते माहीत होतं. तिने मालनच्या मेल छापून, शिवून आणल्या होत्या, अक्षर मोठं करून.

मालनने कधी घरून मेल केलीच नव्हती. कांजूरमार्ग स्टेशनजवळ तेव्हा एक सायबर कॅफे होता. तिथे अर्ध्या तासाचे पैसे भरून बसायचं, वेळ संपला की उठायचं. तिला टाइप करता येत नव्हतं, एका बोटाने एकेक अक्षर शोधायची. म्हणून पाळीची ती एक सोडली तर तिच्या बहुतेक मेल दोन-चार ओळींच्या.

"वाच ना गं एखादी," कुणीतरी म्हणालं.

मालन आधी नाही म्हणाली, मग उभी राहिली. पानं उलटली आणि तिने वाचलं.

"कुंदाताई, आज श्रुतिकान माका आये म्हणान हाक मारल्यान. तीनदा. आनी काय लिवचा नाय. टाइम संपलो. मालन."

श्रुतिका पुढच्या ओळीत बसून खुर्चीच्या कडेवर बोटं वाजवत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "आये." मग परत, "आये." सगळे हसले, म्हणजे हसता हसता डोळे पुसायला लागले.

लवू भिंतीशी उभा होता. तो कधी चारचौघांत बोलत नाही. पण तो म्हणाला, "मी भायर उभो रवय. ह्या चेडवाक खांद्यार घेवन. आत गर्दी, पंख्याचो आवाज, हिका सोसत नसा. आत ही काय लिवता ता माका कधी कळलाच नाय." त्याने मालनकडे बघितलं. "तीनदा हाक मारल्यान?"

"तुमका सांगितलंय मी तेवा!"

"सांगितलंस. तीनदा म्हणान नाय सांगितलंस."

मालनने ती पानं त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटीसुलटी करून बघितली, घडी पडणार नाही अशी शर्टाच्या आत छातीशी धरली आणि कार्यक्रम संपेपर्यंत तशीच धरून उभा राहिला.

माझ्या मेलही मला त्याच दिवशी मिळाल्या, कुंदाताईने त्या फोनवरच पाठवल्या. रात्रीपर्यंत वाट न बघता मी हॉलच्या पायरीवर बसून गार्गीच्या शेजारी माझ्या फोनवर वाचायला लागले. बसच्या कंडक्टरला मी किती शिव्या दिल्या होत्या, ते वाचून माझं मलाच हसू आलं. २००४ चा मार्च महिना आला, तेव्हा थांबले. पहिला शब्द. तो 'आई' नव्हता, 'बटाटा' होता, आणि त्या मेलमध्ये मी आनंदाने अर्धं पान भरलं होतं. मी गार्गीला विचारलं, "बटाटा?" तिने "नको" म्हटलं, कारण समोर ताटलीत अजून एक वडा होता आणि तिचं खाऊन झालं होतं.

त्या दिवशी बहुतेक जणींनी सांगितलं की कामाचं जे आहे ते घ्या. केस कसे कापून घ्यायचे, दाताच्या डॉक्टरकडे आधी नुसतं खुर्चीत बसून यायचं, गणपतीत ढोल सुरू झाले की काय करायचं, पाळीचं मालनचं सगळं. मधुवंतीने त्याचं एक जाडसर पुस्तक करून शाळेत छापून घेतलं. काही जणींनी नाव घाला म्हणून आग्रह धरला, काहींनी नको म्हटलं, ते जसंच्या तसं पाळलं. पुलावरून परत आलेल्या त्या आईने तीन पानं दिली आणि वर स्वतःचं पूर्ण नाव घालायला सांगितलं. कुंदाताईने तिला दोनदा विचारलं. ती म्हणाली, "घालाच." आता एखादी नवी आई ग्रुपवर आली की तिला ते पुस्तक जातं. बोरिवलीच्या त्या मुलीला गेल्या वर्षी पाळी आली. तिच्या आईने ग्रुपवर एकच ओळ लिहिली, "झालं, काही रडारड नाही." त्यावर मालनचा आवाजातला निरोप आला, "झकास!"

अण्णांचं म्हणाल तर ते आता संध्याकाळच्या फेरीत भेटेल त्याला सांगतात की आमच्या मिसेसने बंद पडलेल्या प्रोग्राममधून सगळी मेल बाहेर काढली, एक सोडून. कुंदाताई त्यांच्यावर ओरडते. "एक सोडून कशाला सांगता हो?" ते म्हणतात, "तूच म्हणतेस ना, आहे तसं सांगावं."

त्यांच्या ह्या सांगण्याचा परिणाम असा झाला की लोक यायला लागले. कुणाच्या दिवंगत बायकोच्या मेल, कुणाच्या बंद पडलेल्या धंद्याच्या. कुंदाताई करून देत नाही. शेजारी बसवून ज्याचं त्याला करायला लावते. गेल्या महिन्यात मढहून फिलोमिनाबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका आल्या, रिक्षात कॉम्प्युटर घालून. त्यांचा भाऊ बोटीवर होता, तो आता नाही. दूरदूरच्या बंदरांतून त्याने लिहिलेल्या मेल त्यात आहेत. त्यांच्याकडच्या प्रोग्रामचं तर नावही मी ऐकलेलं नव्हतं. कुंदाताईनेही नव्हतं ऐकलेलं.

परवा मी सहज तिला फोन केला, रविवारी जेवायला येतेस का विचारायला. मागून फिलोमिनाबाईंचा आवाज येत होता, त्या मोठ्याने काहीतरी वाचून दाखवत होत्या. कुंदाताई घाईत म्हणाली, "राधा, आत्ता नको गं. हा प्रोग्राम भलताच वेगळा आहे. मजा येतेय." आणि तिने फोन ठेवून दिला.